उंट छाप

समोरून येणाऱ्या माणसाच्या तोंडाआधी त्याच्या पाठीवरच्या गोणीकडे पाहणारा माणूस अख्ख्या खानदेशात एकच झाला, आणि तो नेमका माझ्या बायकोचा मामा निघाला. मुलगी बघायला आम्ही जळगावला गेलो, तेव्हा बाकीच्या मंडळींनी माझा पगार विचारला, शेती विचारली, बहिणी किती उजवायच्या राहिल्यात तेही विचारलं. मामांनी विचारलं, "तुमच्याकडे तांदूळ कोणत्या छापाच्या पोत्यातून येतो?" मला सांगता येईना. मी शाळेत चित्रकला शिकवत होतो. कोणाच्याही भिंतीवरच्या कॅलेंडरातल्या चुका काढण्यात माझा हात धरणारा नव्हता. पण घरातल्या कोपऱ्यात वर्षभर उभ्या असलेल्या पोत्यावर काय चितारलंय, याचा मला पत्ता नव्हता. मामांनी 'बरं' म्हटलं आणि पोह्यांची बशी पुढे ओढली. पुढे बायकोकडून कळलं, की त्या दिवशी माझ्याविरुद्ध एकच मत पडलं होतं, ते त्यांचं. तेव्हा मला राग आला होता. आता वाटतं, त्या बैठकीत माणसाची पारख असलेला तेवढा एकच गृहस्थ हजर होता.

मामांचा धंदा जुन्या बारदानाचा. म्हणजे डाळ, तांदूळ, साखर, ढेप भरून आलेल्या तागाच्या गोण्या रिकाम्या झाल्या की त्या उचलायच्या, झटकायच्या, फाटल्या असतील तर दाभणाने ठिगळ लावायचं आणि डाळ मिलवाल्यांना किंवा शेतकऱ्यांना पुन्हा विकायच्या. जळगावच्या बाजार आवारामागे त्यांची पत्र्याची वखार होती. या धंद्याची एक रीत आहे. गोणी दुसऱ्याच्या हाती देण्याआधी उलटी करतात. जुन्या व्यापाऱ्याचा मार्का आत जातो आणि कोऱ्या बाजूवर नवा मालक आपली छाप मारतो. मोर, हत्ती, कमळ, कंदील, चंद्रकोर, तीन बदकं, दोन तलवारी, एक नुसताच डोळा, असा सगळा हिंदुस्थान मामांच्या वखारीत येई आणि आतबाहेर होऊन निघून जाई. बाकीचे बारदानवाले गोणी उलटी करताना भोकं बघत. मामा चित्र बघत. चित्र मनात भरलं तर गोणी उलटी करायचीच नाही, हा त्यांचा नेम. ती बाजूला पडे आणि संध्याकाळी सायकलच्या कॅरिअरला बांधून घरच्या माळ्यावर जाई. मामींच्या म्हणण्याप्रमाणे त्या माळ्यावर उंदरांच्या सात पिढ्या सुखाने नांदल्या. घरात कोणीही शिंकलं की मामी काही न बोलता वर बोट दाखवत.

मामांची पारख उगाच लहरीची नव्हती, तिला शास्त्र होतं. गोणीवरचं चित्र पत्र्याच्या साच्यातून उमटवतात. पत्र्यात आकार कापायचा, तो गोणीवर ठेवायचा आणि वरून शाईचा बोळा फिरवायचा. पण नुसतं गोल कापलं तर मधला तुकडा गळून पडतो. म्हणून कापताना मधे मधे पत्र्याच्या बारीक पट्ट्या जोड म्हणून सोडाव्या लागतात, आणि छापल्यावर तिथे चित्र तुटतं. "कातर सगळ्यांनाच चालवता येते," मामा म्हणत, "अक्कल जोड कुठे सोडला त्यात दिसते." कच्चा कारागीर मोराची मान मधेच कापल्यासारखी करून ठेवतो. पक्का कारागीर जोड अशा जागी सोडतो, की तो मोराच्या गळ्यातला पट्टाच वाटावा. मी चित्रकलेची पदविका घेतलेला माणूस. चार वर्षांत मला कोणी इतक्या थोडक्यात इतकं शिकवलं नव्हतं, आणि हे मी त्यांना कधीही बोलून दाखवलं नाही.

या नादापायी त्यांची अब्रू चारचौघांत सारखी धोक्यात येई. लग्नाच्या पंगतीला बसायला गोण्या अंथरलेल्या असत. मामा शेजारच्या व्याह्यांना 'जरा उठता का' म्हणून उठवत, त्यांच्या खालची गोणी निरखत आणि पुन्हा बसायला सांगत. तोवर वरणबट्टी वाढणारा पुढे निघून गेलेला असे. एकदा आम्ही दोघं धुळ्याला एका साखरपुड्याला निघालो होतो. एरंडोलला बस थांबली. स्टँडवरून डोक्यावर पोतं घेऊन चाललेली एक बाई मामांनी खिडकीतून पाहिली, आणि मी पाणी पिऊन येईपर्यंत मामा गायब. साखरपुडा उरकून संध्याकाळी मी परत फिरलो, तर मामा त्याच एरंडोलच्या स्टँडवर मांडीवर रिकामी गोणी घेऊन बसलेले. त्या बाईचे शेंगदाणे त्यांनी तिच्या घरापर्यंत वाहून नेले होते, पिंपात ओतून दिले होते, चहा घेतला होता आणि गोणी मागून आणली होती. 'बदक बघा,' म्हणाले. साखरपुड्याचं त्यांनी विचारलंच नाही. आणखी एकदा, भर श्रावणात, एका गुराख्याच्या डोक्यावरची गोणीची खोळ त्यांना आवडली. तिच्या बदल्यात त्यांनी स्वतःची छत्री देऊन टाकली आणि गोणी आणखी भिजू नये म्हणून ती सदऱ्याच्या आत खुपसून स्वतः चिंब होऊन घरी आले. मामींनी पाच दिवस अबोला धरला. मामा मला म्हणाले, पाच दिवस फार शांतपणे चित्र बघता आलं.

मी मात्र तेव्हा फार मोठ्या जगात वावरत होतो. मुंबईच्या एका दुकानातून मी डिझाईनचं परदेशी वार्षिक मागवत असे. त्यात स्वित्झर्लंडची पोस्टरं, जपानची बोधचिन्हं, अमेरिकेची पुस्तकांची वेष्टणं. ते बघण्याआधी मी पोरांना हात धुवायला लावी. मामांना ते दाखवलं, ते खरं सांगायचं तर त्यांना दिपवावं म्हणून. त्यांनी पान न् पान बघितलं, त्याला दोन तास लागले, आणि फार चांगलं आहे असं मोकळेपणी सांगितलं. मग एका जपानी पोस्टरखालच्या बारीक अक्षरांवर बोट ठेवून विचारलं, हे काय लिहिलंय. मी म्हणालो, ज्याने काढलं त्याचं नाव. मामांनी मागची पानं पुन्हा उलटून प्रत्येक चित्राखाली तशी ओळ शोधली. असल्या कामाखालीही करणाऱ्याचं नाव असतं, ही गोष्ट त्यांच्या मनात त्या दिवशी शिरली. पुढच्या सगळ्या भानगडीचं मूळ तेच.

त्याच सुमारास मी एका शिक्षणसंस्थेचं बोधचिन्ह काढलं होतं. उगवता सूर्य, उघडं पुस्तक, समई, चाक, कपाशीचं बोंड आणि केळीचा घड, असं सगळं एका वर्तुळात बसवून खाली संस्कृत वचन घातलं होतं. संस्थेचे लोक खूश होते. मामांनी ते हातात धरून पाहिलं आणि शांतपणे म्हणाले, "जवाई, यात कोणीच नाराज राहणार नाही." शिवी दिली असती तर मी विसरलो असतो. माणसाने एवढ्यावरून डूख धरावा का? मी धरला.

उंट त्यानंतरचा. सावद्याच्या एका केळीवाल्याकडे घडांखाली अंथरलेली, चिकाने डागाळलेली अशी ती गोणी मामांना सापडली. बाजारात उंट छाप गोण्या पुष्कळ होत्या, पण त्यांवरचे सगळे उंट आपले चारी पायांवर उभे. हा उंट उठत होता. मागचे पाय सरळ झालेले, पुढचे गुडघे अजून जमिनीवर, मान पुढे काढलेली. जोड नेमके गुडघ्यांवर आणि वेसणीच्या दोरीवर सोडलेले. कापता आलं नाही म्हणून तुटलंय, असं एकही ठिकाण नाही. मी मास्तर म्हणून मामा माझ्याशी जपून पुस्तकी मराठीत बोलत, पण मनातलं बोलायचं झालं की अहिराणीत उतरत. "जवाई, हाऊ उंट उठी राहिना," ते म्हणाले. "ज्यानी हाऊ कापा, त्यानी उंटनाजोडे बसीसन दखेल शे." उंटाजवळ बसून पाहिल्याशिवाय हे कोणाला सुचायचं नाही, असं त्यांचं ठाम मत होतं. मला तो उंट आवडला, आणि तो आपल्याला सापडला नाही म्हणून वाईटही वाटलं.

त्या गोणीवरचं व्यापाऱ्याचं नाव आणि गाव झिजून गेलं होतं. गावाची शेवटची तीन अक्षरं तेवढी शिल्लक होती, 'नगर'. हिंदुस्थानात नगरं किती, याची मामांनी यादी केली आणि एका टोकापासून पत्रं टाकायला सुरुवात केली. अहमदनगर, भावनगर, जामनगर, मुझफ्फरनगर, श्रीगंगानगर. तिथल्या धान्यबाजाराच्या नावाने जोडकार्ड जाई, म्हणजे उत्तराचं कोरं कार्ड जोडूनच. हिंदी मजकूर मी लिहून देई, की आपल्याकडच्या उंट छापाचा साचा ज्या कारागिराने कापला असेल, त्याचं नाव आणि पत्ता कृपा करून कळवावा. उत्तरं येत. एकाने तुरीचा भाव कळवला. एकाने आमचा या उंटाशी काडीचा संबंध नाही, पुढचा पत्रव्यवहार वकिलामार्फत करावा, असं बजावलं. एका सज्जनाने मुलीची उंची आणि शिक्षण विचारलं, तो काय समजला होता ते शेवटपर्यंत उमगलं नाही. मामा प्रत्येक उत्तर जपून ठेवत आणि यादीतल्या त्या नगरावर काट मारत. मी एकदा विचारलं, माणूस सापडला तर त्याच्याकडून करून काय घेणार? मामांना प्रश्न विचित्र वाटला. "करून काय घ्यायचं? जाऊन सांगेन, चांगलं कापलंय म्हणून. त्याला कोणी सांगितलं नसणार."

नंतर माझी धुळ्याच्या शाळेत बदली झाली. नाटकाच्या सामानाची पत्र्याची पेटी दुरुस्त करून घ्यायला मी जुन्या धुळ्यातल्या एका गल्लीत गेलो. तिथे एक वृद्ध मुसलमान कारागीर पेट्या, चाळण्या, नरसाळी बनवत बसत. सगळी गल्ली त्यांना चाचा म्हणे. त्यांच्या डोक्यामागे खिळ्यांना काही जुने साचे टांगलेले होते, आणि त्यात उंट होता. उठणारा. मी पेटी तशीच हातात धरून विचारलं, हा कोणी कापला. चाचांना प्रश्नच कळेना. इधर और कौन बैठता है, म्हणाले. त्यांच्या तरुणपणी गुजरातकडचा कोणी शेंगदाण्याचा व्यापारी उंट छाप मागून गेला होता. चाचांनी उंट लांबूनच पाहिलेला. तेव्हा आग्रा रोडला उंटवाल्यांचा मुक्काम पडला होता, तिथे ते दोन दिवस नुसते जाऊन बसले. उभा उंट बघून त्यांना काही वाटलं नाही. उठताना मात्र तो आधी मागून उठतो, हे पाहून त्यांना गंमत वाटली, आणि तेच कापलं. व्यापारी साचा घेऊन गेला, चाचांनी स्वतःसाठी दुसरा एक कापून ठेवला.

त्या संध्याकाळी मी जळगावला एक साधं कार्ड टाकलं असतं, तर हे लिखाण इथेच सुखाने संपलं असतं. मी टाकलं नाही. स्वतःला सांगितलं, की नुसतं कळवण्यापेक्षा दोघांची गाठ एखाद्या मोठ्या कार्यक्रमात घालू. मनात वेगळंच होतं. मामांना चित्र कळतं, पण चित्र काढणारा शोधला तो मी, हे चार लोकांसमोर त्यांना दिसलं पाहिजे होतं. 'कोणीच नाराज राहणार नाही' हे वाक्य अजून आत कुठेतरी सलत होतं. म्हणून आठ महिने मी तोंड मिटून बसलो, आणि त्याच आठ महिन्यांत मामा यादीतल्या पुढच्या पुढच्या नगरांसाठी कार्डं पाठवत राहिले, ती मी चांगल्या अक्षरात हिंदीत लिहून देत राहिलो. असं करताना माझा हात एकदाही अडखळला नाही, हेही इथे लिहून ठेवतो.

कार्यक्रम ठरला तो एप्रिलात, आमच्या शाळेच्या हॉलमध्ये. 'बारदानावरील चित्रे' असं प्रदर्शन, आणि पाहुणे म्हणून मुंबईचे एक नामांकित डिझाईनर. मामांना कळवलं तेव्हा त्यांनी महिनाभर वखारीकडे पाहिलं नाही. माळ्यावरच्या ढिगातून चाळीस गोण्या निवडल्या. त्या उन्हात घातल्या, ब्रशाने झटकल्या. ज्या गोण्यांना मामींनी जन्मभर शिव्या घातल्या होत्या, त्यांच्या उसवलेल्या कडा मामींनी स्वतः शिवून दिल्या. प्रत्येक गोणीला मामांनी टाचणीने एक चिठ्ठी लावली. गोणी कुठे मिळाली ते तिच्यावर होतं, आणि खाली एक ओळ, 'कारागिराचे नाव: माहीत नाही'. चाळीस वेळा त्यांनी ते हाताने लिहिलं होतं. उंटाची चिठ्ठी वाचताना मला हसू आलं होतं, कारण ते नाव फक्त मला माहीत होतं. चाचांनाही मी कार्यक्रमाला बोलावलं होतं, पण कशासाठी ते सांगितलं नव्हतं.

खानदेशातला एप्रिल ज्याने काढला आहे, त्याला पुढचं सांगायची गरज पडू नये. उन्हाळ्यात आम्ही दारांना, खिडक्यांना ओली बारदानं लावतो. घरी लावतो, दुकानात लावतो, कचेरीत लावतो, आणि शाळेत साहेब येणार असला तर हटकून लावतो. गोण्यांचा गठ्ठा आदल्या दिवशी आला. मी शिपाईभाऊंना तो हॉलमध्ये नेऊन ठेवायला सांगितलं आणि हे काय आहे ते सांगितलं नाही. गोण्यांबद्दल वेगळं सांगायचं ते काय, असं तोंडाने प्रदर्शन म्हणणाऱ्या मलाही आतून वाटत असणार. सकाळी मी पाहुण्यांना आणायला विश्रामगृहावर गेलो. शिपाईभाऊ कामाचा माणूस. बाहेर ऊन रणरणतंय, मुंबईचे पाहुणे येताहेत आणि समोर चाळीस गोण्यांचा गठ्ठा. त्यांनी जे केलं ते खानदेशातल्या कोणत्याही शहाण्या माणसाने केलं असतं. गोण्या हौदात बुडवून काढल्या आणि हॉलच्या झाडून सगळ्या खिडक्यांना ठोकल्या. उरल्या त्या दारांत पाय पुसायला टाकल्या.

पाहुणे आत शिरले आणि म्हणाले, "अरे वा, काय छान गार आहे!" सबंध दिवसात त्या गोण्यांचं झालेलं कौतुक ते एवढंच. मी वर पाहिलं. मोर उलटा लटकला होता, बदकं आडवी झाली होती, निळीने मारलेल्या छापा विरघळून भिंतीवर ओघळत होत्या. चिठ्ठ्यांचा हौदात लगदा झाला होता. तेव्हाही सांगता आलं असतं, की साहेब, प्रदर्शन हेच, जसं आहे तसं बघा. कदाचित त्यांना आवडलंही असतं. पण मला माझी फजिती दिसत होती, गोण्या दिसत नव्हत्या. मी माईकसमोर उभा राहिलो आणि म्हणालो, की काही अडचणीमुळे गोण्या वेळेवर पोहोचू शकल्या नाहीत, त्यामुळे प्रदर्शन रद्द करावं लागत आहे. बोलून वर बघतो तर दारात मामा. इस्त्रीचं धोतर, पांढरी टोपी, जळगावहून बसने तीन तास उभे आलेले. त्यांनी ते वाक्य पुरतं ऐकलं होतं.

पाहुण्यांनी मग स्लाइड दाखवल्या. स्वित्झर्लंड, जपान, अमेरिका, माझ्या वार्षिकातलीच बरीचशी पानं. मी त्यांच्याशेजारी मांडीवर हार घेऊन बसलो होतो. मामा आत येऊन खुर्चीवर बसले नाहीत. ते भिंतीकडेने एकेका खिडकीपाशी थांबत गेले. उलट्या लावलेल्या गोणीपाशी मान वाकडी करत, पुढे जात. सगळा फेरा झाल्यावर ते मुख्य दाराशी परत आले आणि उंबऱ्याजवळ उकिडवे बसले. तिथे पायांखाली उंट होता. उशिरा येणारी पोरं, मास्तर, पालक सगळे त्याच्यावर पाय घासून आत येत होते. शिपाईभाऊंना तोवर काहीतरी चुकल्याचं उमगलं असावं. ते गोणी ओढून काढायला धावले, तेव्हा मामांनी त्यांचा हात धरला. काय म्हणाले ते शिपाईभाऊंनीच मला नंतर सांगितलं. "राहू द्या भाऊ. बारदानच शे ते."

मग चाचा आले. दुकान बंद करून, धुतलेला सदरा घालून आले होते. दारात त्यांनी चपला काढल्या, पाय उचलला, खाली पाहिलं आणि पाय तसाच मागे घेतला. मग भिंतीला अंग घासत, गोणीला टाळून, बाजूने आत आले. त्या दारातून दोनशे माणसं आली असतील, उंटावर पाय न ठेवणारा हा एकच. मामांनी मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं. चाचांनी कपाळाशी हात नेला, मामांनी हात जोडले. दोघं क्षणभर एकमेकांसमोर होते. चाचा मागच्या रांगेत बसले. इंग्रजी भाषण त्यांना काही कळलं नसावं, पंधरा मिनिटांनी नमाजाची वेळ झाली तसे उठले आणि पुन्हा गोणीला वळसा घालून निघून गेले. मी हे सगळं स्टेजवरून पाहत होतो. उठून खाली गेलो असतो तर वीसेक पावलांचं अंतर होतं. पाहुणे बोलत असताना उठणं बरं दिसलं नसतं, असं मी तेव्हा मनाशी म्हटलं.

दुपारी मामांना बसस्टँडवर सोडायला गेलो. त्यांच्या हातावर ओल्या उंटाची घडी. बाकीच्या गोण्या वाळल्या की पाठवून द्या, घाई नाही, म्हणाले. मी शिपायाच्या मूर्खपणाला दोष द्यायला सुरुवात केली. ती त्यांनी थांबवली, त्या माणसाने आपलं काम चांगलं केलं, हॉल खरंच गार होता, म्हणाले. रागावले असते तर मला सोपं गेलं असतं. मग बस लागली आणि पायरीवर पाय ठेवता ठेवता ते वळले. "बठ्ठा लोके पाय पुसी गयात. एकच मानूस बाजूथून गया. त्याले नजर शे, जवाई. कोन व्हता तो?"

सांगायचं तर आठ महिने सांगावे लागले असते. ती कार्डं, ते चांगलं अक्षर, ते माझं एकट्याचं हसू, सगळंच उघडं पडलं असतं. मी म्हणालो, "कोण जाणे."

पुढे सांगू, पुढच्या दिवाळीला सांगू, असं मी म्हणत गेलो. खोट्याचं असं असतं, की दर महिन्याला ते थोडं जड होतं आणि उचलायला हात धजत नाही. मामा मात्र पत्रं टाकतच राहिले. बाजारात प्लास्टिकच्या विणलेल्या गोण्या आल्या, त्यांच्यावर रंगीत छपाई कारखान्यातूनच होऊन येऊ लागली. वखारीत बघण्यासारखं काही येईना, तरी नगरांची यादी संपत नव्हती. नवी नगरं त्यांना नकाशात सापडत आणि ते मला कळवत, जरा चार ओळी हिंदीत लिहून पाठवा. मी पाठवत होतो. धुळ्यातल्या त्या गल्लीवरून शाळेत जायचा माझा रस्ता होता, तो मी बदलला.

एका हिवाळ्यात मामा गेले, फार न दुखता, झोपेत. दिवसकार्य झाल्यावर माळा रिकामा केला. 'एकदाची या गोण्यांतून सुटले,' असं मामी म्हणाल्या होत्या, पण गोण्या खाली येऊ लागल्या तेव्हा त्या पाठ फिरवून स्वयंपाकघरात जाऊन बसल्या. धंद्याच्या रीतीप्रमाणे सगळ्या गोण्या उलट्या होऊन गेल्या. उंट तेवढा मामींनी माझ्यासाठी बाजूला काढून ठेवला होता. 'तुम्हा दोघांनाच त्यातलं कळायचं,' असं म्हणून तो माझ्या हातात दिला.

तो घेऊन मी धुळ्याला परतलो आणि दुसऱ्या दिवशी जुन्या रस्त्याने गेलो. चाचा होते. हात थरथरायला लागल्यामुळे काम सोडलं होतं, पण बसत तिथेच. मी गोणी त्यांच्यासमोर उलगडली आणि एकदाचं सगळं सांगितलं. की जळगावचा एक माणूस तुम्हाला इतकी वर्षं शोधत होता, देशभर पत्रं टाकत होता. चाचांना आधी भीती वाटली, काम कुछ बिगड़ा था क्या, त्यांनी विचारलं. मी म्हणालो, नाही चाचा, काही बिघडलं नव्हतं. चांगलं कापलंय, एवढंच सांगायचं होतं त्यांना. चाचांनी गोणी हाताने सरळ केली. मग म्हणाले, "उस दिन इस्कूल के दरवाजे में जो नीचे बैठे थे, टोपीवाले, वो?"

मी मान डोलावली.

"आप तो दोनों को जानते थे, मास्टर."

त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, कोडं पडल्यासारखं ते माझ्याकडे बघत होते. त्यांनी गोणी मांडीवर ओढली आणि बोट उंटाच्या मानेवरून, मग दोन्ही गुडघ्यांवरून हळू फिरवलं. नीट घडी घातली. त्यांच्या बसायच्या जागेवर एक जुनं बारदान अंथरलेलं होतं, तिथे ही ठेवायची असेल असं मला वाटलं. पण ते भिंतीचा आधार घेत उठले, स्टुलावर एक पाय ठेवला, आणि मी हात दिला तो न धरता गोणी वरच्या फळीवर ठेवून खाली उतरले. मग चहा मागवू का, असं त्यांनी मला विचारलं.